जखमेचा दुसरा दिवस

मार्टिन स्कॉर्सेसी हे अमेरिकेतील फार मोठे चित्रपट-दिग्दर्शक आहेत, याविषयी माझ्या मनात शंका नाही. १९७६ साली त्यांच्या 'टॅक्सी ड्रायव्हर'ला कान महोत्सवाचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. १९९० सालचा 'गुडफेलाज' समीक्षकांनी डोक्यावर घेतला. 'द डिपार्टेड'साठी २००७ साली त्यांना दिग्दर्शनाचे ऑस्कर मिळाले. उदय शंकरांच्या 'कल्पना' या १९४८ सालच्या नृत्यपटाचा जीर्णोद्धारही स्कॉर्सेसींनी स्थापन केलेल्या संस्थेच्या पुढाकाराने झाला. त्याबद्दल आपण भारतीयांनी त्यांचे ऋणी असावे. हे सारे मान्य करूनही त्यांचे गुन्हेगारीपट मला आवडत नाहीत. वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी हे वाक्य मी संकोच न बाळगता लिहू शकते, आणि ते का लिहावेसे वाटले हे सांगण्यासाठीच हा लेख आहे.

आमच्या घरात माझ्या या नावडीला पूर्वी फारसे महत्त्व नव्हते. हे बँकेत नोकरीला होते आणि फिल्म सोसायटीचे जुने सभासद. परदेशी चित्रपट पाहावेत, त्यांवर मित्रांबरोबर रात्री उशिरापर्यंत वाद घालावेत, हा यांचा छंद. मुलाने तोच वारसा उचलला. बापलेक पडद्यासमोर बसले आणि बंदुका बाहेर निघाल्या, की मी उठून स्वयंपाकघरात जात असे. कोणाचे काही अडत नव्हते.

तीन वर्षांपूर्वी यांना पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. बोललेले बरेचसे समजते, पण शब्द ओठांवर येत नाहीत. डॉक्टर याला वाचाघात म्हणतात. बाहेरची खोली मोठी आणि हवेशीर, म्हणून यांची खाट तिथे मांडली. टीव्हीही तिथेच. म्हणजे या खोलीत जो चित्रपट लागेल तो खाटेवरच्या माणसाला पाहावाच लागणार. उठून जाण्याची सोय त्याला नाही आणि "बंद करा" असे म्हणण्याचीही नाही. मुलगा एका रविवारी मोठ्या प्रेमाने बाबांच्या जुन्या आवडीचे चित्रपट लावायला निघाला, तेव्हा या खोलीत कोणाची आवड चालावी, हा प्रश्न आमच्यापुढे उभा राहिला. त्याचे उत्तर देण्याआधी माझी नावड नेमकी कशाची आहे, हे मला स्वतःशी स्पष्ट करून घ्यावे लागले.

हिंसक चित्रपट न आवडणाऱ्या वयस्कर बाईविषयी लोकांचे एक मत ठरलेले असते: मन हळवे झाले आहे, रक्त बघवत नाही. यांचे मित्रही मला तेच म्हणत, "वहिनी, तुम्हाला हे सोसायचे नाही." वस्तुस्थिती वेगळी आहे. यांच्या माकडहाडापाशी शय्याव्रण झाले होते. दोन महिने मी रोज ते धुतले, त्यातला मेलेला भाग नर्सबाईंनी काढताना त्यांच्या हातात गॉज दिले, वास सोसला, आणि कडेने गुलाबी कातडी धरू लागली तेव्हा आनंदाने रडले. रक्त, पू, उलटी, लघवीची पिशवी यांना मी घाबरत नाही. ज्या हजारो घरांत कोणी अंथरुणाला खिळलेले आहे, तिथली कोणतीच बाई घाबरत नसेल. तेव्हा रक्त दिसते ही माझी तक्रारच नाही. या चित्रपटांतल्या जखमेला दुसरा दिवस नसतो, ही माझी तक्रार आहे.

'गुडफेलाज'मध्ये स्पायडर नावाचा एक पोरगा आहे. पत्ते खेळणाऱ्या गुंडांना पेये आणून देणे हे त्याचे काम. ऐकण्यात थोडी गफलत झाली म्हणून टॉमी नावाचा माथेफिरू त्याच्या पायावर गोळी झाडतो. पुढे तो पोरगा पायाला पांढरे जाडजूड बँडेज बांधून लंगडत पुन्हा कामावर आलेला दिसतो. टॉमी त्याची थट्टा करतो, तो उलट उत्तर देतो, मंडळी हसतात, आणि टॉमी त्याला तिथेच ठार मारतो. यानंतर वाद होतो तो खड्डा कोणी खणायचा याचा. हे दृश्य अभिनयाच्या दृष्टीने थक्क करणारे आहे, असे जाणकार सांगतात. असेलही. जो पेशीने ही भूमिका केली आणि त्याला सहायक अभिनेत्याचे ऑस्कर मिळाले. पण माझे मन त्या बँडेजपाशी अडकून राहते. ते कोणी बांधले? दोन्ही प्रसंगांच्या मधल्या रात्री तो पोरगा कुठे निजला, पाय उशीवर कोणी ठेवला, संडासला त्याला कोणी धरून नेले? त्या दिवसांशी चित्रपटाला काही देणेघेणे नाही.

'टॅक्सी ड्रायव्हर'चेही तसेच. शेवटच्या गोळीबारात नायक स्वतः गंभीर जखमी होतो. त्यानंतर कॅमेरा त्याच्या भिंतीवरच्या वृत्तपत्रांच्या कात्रणांवरून फिरतो आणि कानावर एक पत्र पडते. तो रुग्णालयात बेशुद्ध होता, एवढा उल्लेख त्यात येतो. पुढच्या दृश्यात गडी टॅक्सीशेजारी उभा आहे. ज्याने रुग्णालयाच्या व्हरांड्यात बाकावर बसून कोणाच्या शुद्धीवर येण्याची वाट पाहिली आहे, त्याला हे पत्र फार लहान वाटते. तिथला एकेक तास केवढा असतो, हे आपल्याला ठाऊक आहे.

मुलाशी या विषयावर माझे बोलणे होते. तो म्हणतो, "आई, स्कॉर्सेसी हिंसेचा गौरव करीत नाही. ती किती ओंगळ आणि किती अचानक असते, हे तो दाखवतो." त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे. स्कॉर्सेसींचे बालपण न्यूयॉर्कच्या लिटल इटली या वस्तीत गेले. लहानपणी त्यांना दमा होता. मैदानी खेळ जमत नसत, म्हणून घरचे त्यांना चित्रपटगृहात नेत. आसपास गुंडांचा वावर होता आणि धर्मगुरू व्हावे असेही त्या मुलाला वाटत असे. अशा मुलाने मोठेपणी पाप आणि दंड यांविषयी चित्रपट काढावेत, हे मला समजू शकते. समजणे आणि आवडणे या मात्र दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

'गुडफेलाज'मधलाच आणखी एक प्रसंग सांगते. मोटारीच्या डिकीत एका माणसाला कोंबून टॉमी आणि त्याचे सोबती मध्यरात्री टॉमीच्या आईच्या घरी येतात. म्हातारी झोपेतून उठते, पोरांना बळेबळे जेवू घालते, आपण काढलेले चित्र कौतुकाने दाखवते. टॉमी काहीतरी थाप मारून तिच्याकडून स्वयंपाकघरातला सुरा मागून नेतो. ही भूमिका स्कॉर्सेसींच्या सख्ख्या आईने केली आहे, आणि इतक्या सहजपणे की ती आपल्याच आळीतली वाटावी. साऱ्या चित्रपटात निखळ माया एवढ्या एका टेबलावर दिसते, आणि प्रेक्षक हसतो ते त्या मायेच्या भाबडेपणाला. मला तिथे हसू येत नाही. अपरात्री उठून पानात वाढणारी बाई थट्टेचा विषय होते, हे मला बोचते.

आपल्याकडच्या जुन्या नाटककारांनी हा प्रश्न कसा हाताळला, हे आठवून पाहण्यासारखे आहे. युद्ध, मृत्यू, नगराला पडलेला वेढा अशा घटना अंकात प्रत्यक्ष न दाखवता त्या सूचित कराव्यात, असे भरताच्या नाट्यशास्त्रात सांगितले आहे. ग्रीक शोकांतिकांतही हत्या बहुधा रंगमंचाआड होते आणि दूत येऊन ती वार्ता सांगतो. भासाने 'ऊरुभंगा'त दुर्योधनाचा अंत रंगमंचावर आणला, म्हणून त्याच्या धाडसाची चर्चा होते. पण त्याने काय केले ते बारकाईने पाहावे. भीम आणि दुर्योधन यांचे गदायुद्ध तो सैनिकांच्या तोंडून ऐकवतो. रंगमंचावर येतो तो मांड्या मोडलेला दुर्योधन. त्याला भेटायला आलेले आंधळे वडील, आई, राण्या आणि लहानगा दुर्जय. मुलाला नेहमीसारखे बापाच्या मांडीवर बसायचे आहे आणि बापाला ती देता येत नाही. भासाने घाव आड ठेवला आणि घावानंतरचे दाखवले. कॉलेजात असताना मला हे नाटक अभ्यासाला होते. आज माझी नात यांच्या खाटेवर चढू पाहते आणि आम्ही तिला यांच्या उजव्या बाजूकडून डाव्या बाजूला वळवतो, तेव्हा ते नाटक मला आठवते.

रसिकतेची गोष्ट झाली, आता शरीराची. पडद्यावरची गोळी खोटी आहे हे बुद्धीला कळते, पण शरीर तेवढा वेळ थांबत नाही. अचानक मोठा आवाज झाला, किंकाळी ऐकू आली, की रक्तात अ‍ॅड्रेनलिन सुटते. नाडी जलद होते, रक्तदाब चढतो, स्नायू ताठरतात. स्कॉर्सेसींच्या चित्रपटांत तर हिंसा हास्यविनोदाच्या मध्येच, कोणतीही चाहूल न देता येते. त्यामुळे मनाला सावरायला क्षणाचीही फुरसत मिळत नाही. धडधाकट तरुण माणूस थोड्या वेळात पूर्ववत होतो. उतारवयात, रक्तदाब किंवा हृदयविकार असेल तर, हा चढउतार अधिक जाणवतो, आणि निजण्यापूर्वी असे काही पाहिले तर झोप लांबते. पक्षाघातानंतर काही रुग्णांचा रडण्याहसण्यावरचा ताबाही सुटतो. स्मृतिभ्रंश झालेल्या काही रुग्णांना पडद्यावरची माणसे खरोखरच खोलीत शिरली आहेत असे वाटते. ते घाबरतात, दार लावा म्हणून सांगतात. अशा रुग्णासमोर मारधाडीचे दृश्य लावणे योग्य नाही, मग तो चित्रपट कितीही नावाजलेला असो.

स्कॉर्सेसींचा 'द आयरिशमन' (२०१९) मात्र मी पूर्ण पाहिला, तीन भागांत. तो जवळजवळ साडेतीन तासांचा आहे. मुलगा म्हणाला होता, "हा तुमच्या वयाच्या लोकांचा आहे." दिग्दर्शक तेव्हा शहात्तरीत होते. रॉबर्ट डी निरो यांचा चेहरा संगणकाच्या साहाय्याने तरुण केला आहे, पण एका दुकानदाराला लाथा घालताना चाल आणि कंबर खरे वय सांगून जाते. आपल्या वयाच्या प्रेक्षकाच्या नजरेतून ते सुटत नाही. चित्रपट सुरू होतो वृद्धाश्रमाच्या लांब मार्गिकेतून आणि संपतो तिथेच. फ्रँक शीरन हा मारेकरी आता चाकाच्या खुर्चीत आहे. तो स्वतःसाठी शवपेटी निवडतो. रक्तदाब मोजायला आलेल्या नर्सला तो जिमी हॉफाचे छायाचित्र दाखवतो. कामगार संघटनेच्या या नेत्याचे नाव एकेकाळी अमेरिकेत घरोघरी ठाऊक होते. ती नर्स त्याला ओळखत नाही. शेवटी निघालेल्या पाद्रीबाबांना फ्रँक विनवतो, दार थोडे उघडे राहू द्या.

हा शेवटचा अर्धा तास मला खरा वाटला, हे प्रांजळपणे सांगायला हवे. म्हाताऱ्या माणसाला दार पूर्ण लावून घेतलेले का नको असते, हे तुम्हाआम्हाला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. पण त्याहून अधिक मी फ्रँकची मुलगी पेगी हिच्याशी बांधली गेले. त्या दुकानदाराची मारहाण लहानगी पेगी डोळ्यांनी पाहते आणि तेव्हापासून बापाकडे केवळ बघत राहते. सबंध चित्रपटात ती फार थोडे बोलते. पुढे ती बँकेत नोकरी करते; कुबड्या घेऊन बाप तिच्या खिडकीशी येतो, तेव्हा ती खिडकी बंद करून निघून जाते. चित्रपटाचा सारा न्याय या एका बाईच्या अबोल्यात आहे. आपल्या चित्रपटात अशा प्रेक्षकाला जागा असावी, हे स्कॉर्सेसींना वाटले. याबद्दल मला त्यांच्याविषयी आदर वाटतो. "मग आता तुझे मत बदलले का?" असे मुलाने विचारले. मी नाही म्हणाले. त्या अर्ध्या तासासाठी तीन तासांचे खून पाहावे लागले, ही किंमत मला जास्त वाटते. एखाद्या मोठ्या कलावंताविषयी आदर असावा आणि त्याची कलाकृती मात्र नको असावी, हे एका मनात सहज नांदू शकते.

आता आमच्या खोलीचा प्रश्न. माझी नावड माझी आहे. यांनी तोंडाने बोलणे थांबवले म्हणून ती यांची होत नाही. त्याचप्रमाणे दहा वर्षांपूर्वी यांना जे आवडत होते ते आजही आवडेल, हा मुलाचा तर्कही पुरेसा नाही. म्हणून आम्ही यांनाच विचारले. स्पीच थेरपिस्ट बाईंनी आम्हाला शिकवले आहे की एका वेळी एकच प्रश्न विचारावा, उत्तरासाठी दोनच पर्याय द्यावेत, ते चित्रांत दाखवावेत आणि मग घाई न करता थांबावे. खात्री करण्यासाठी चित्रांची जागा बदलून पुन्हा विचारावे. मुलाने दोन चित्रपटांची छायाचित्रे छापून आणली. एक राज कपूरचा जुना चित्रपट, दुसरा 'गुडफेलाज'. यांनी डाव्या हाताचे बोट 'गुडफेलाज'वर ठेवले. मी चित्रांची अदलाबदल केली. बोट पुन्हा तिथेच गेले, आणि ओठांचा डावा कोपरा किंचित वर झाला. चाळीस वर्षे मी ते हसू ओळखते.

यानंतर डॉक्टरांना विचारले. यांचा रक्तदाब आटोक्यात आहे, त्यामुळे त्यांनी हरकत घेतली नाही. मात्र चित्रपट दुपारी लावा, आवाज कमी ठेवा, एका बैठकीत अर्धाच पाहा आणि जवळ कोणीतरी बसा, असे सांगितले. आम्ही यांच्या डाव्या हाताशी देवघरातली जुनी घंटा ठेवली. ती वाजली की चित्रपट तत्काळ थांबवायचा, हा नियम. पहिल्याच रविवारी ऐन गोळीबारात घंटा वाजली. मुलगा धावला. यांना लघवीचे भांडे हवे होते.

तुमच्या घरीही अशी एखादी खाट असेल, तर काही गोष्टी सुचवते. टीव्हीचे तोंड खाटेकडे असेल तर रुग्णाला मान वळवून नकार देता येईल एवढी तरी सोय ठेवा. त्याला विचारल्याशिवाय दिवसभर काहीही चालू ठेवू नका. बातम्यांतली हिंसादेखील हिंसाच असते. ओटीटीवरील चित्रपट सुरू होण्याआधी वयोगट आणि 'हिंसा' यांसारखी सूचना दाखवली जाते. २०२१ च्या नियमांनी ते बंधनकारक झाले आहे. ती सूचना वाचा. जेवताना आणि निजण्यापूर्वी मारधाड टाळा. चित्रपट पाहून रुग्ण अस्वस्थ झाला, त्याची झोप उडाली किंवा तो भीतीने काही बोलू लागला, तर ते डॉक्टरांच्या कानावर घाला. आणि ज्येष्ठ वाचकहो, तुम्हाला स्वतःला एखादा गाजलेला चित्रपट नकोसा वाटत असेल तर मुलानातवंडांना तसे मोकळेपणाने सांगा. "मला समजत नाही" अशी सबब पुढे करू नका. समजते, आणि आवडत नाही, एवढे म्हणणे पुरेसे आहे.

सध्या महिन्यातल्या दोन रविवारी आमच्या घरी चित्रपटाची दुपार असते. तेवढा वेळ मी वरच्या मजल्यावर शेजारणीकडे जाते. आम्ही नाट्यगीते ऐकतो, चहा घेतो, कधी मी तिच्या आरामखुर्चीत डुलकीही काढते. रुग्णाची सेवा करणाऱ्याला अशी दीड तासाची सुटी औषधाइतकीच गरजेची असते, हे मला आता कळले आहे. जिन्यातून मुलाची हाक आली की मी खाली येते. टीव्ही बंद झालेला असतो. मुलगा आणि मी दोघे मिळून यांची कूस बदलतो. मी पाठीला तेल लावते आणि माकडहाडापाशी भरून आलेली ती जागा लाल झालेली नाही ना, हे बघते.